भांडीं घासणाऱ्या यंत्राचें निदान

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत आम्हीं उन्हाळ्यांतील पाणी सांठविण्याच्या रीतींविषयीं लिहिलें होतें. ह्या महिन्याचा विषय आम्हीं निवडलेला नाहीं. तो आमच्या स्वयंपाकघरानेंच आमच्यापुढें आणून ठेविला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां भांडीं घासण्याचें यंत्र, ज्यास मुलें डिशवॉशर म्हणतात, तें आलेलें आहे. आणि ज्यांच्या घरीं तें आलें त्यांच्या घरीं आज ना उद्यां तें रुसल्यावांचून राहत नाहीं. तेव्हां आमच्याकडे घडलेली हकीकत, त्यांत झालेल्या आमच्या चुकीसह, येथें सांगितली तर ती कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, अशी आम्हांस आशा आहे.

आमच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. भांड्यांना येणाऱ्या बाईंनीं आमच्याकडे बावीस वर्षें काम केलें. गुडघे थकल्यावर त्यांनीं काम सोडलें, आणि त्यांच्या जागीं दुसरें माणूस कांहीं केल्या टिकेना. त्याच सुमारास सौभाग्यवतीचें उजवें मनगट मोडलें. हाड सांधलें; पण रात्रीं दोन पातेलीं घासलीं कीं तें ठणकूं लागे. हें पाहून धाकट्या सुनेनें आपल्या पगारांतून हें यंत्र आणिलें. आम्हीं त्या वेळीं विरोध केला होता, हें कबूल केलें पाहिजे. खरकटीं भांडीं पेटींत कोंडावीं आणि यंत्र काय करील तें करो म्हणून आपण स्वस्थ बसावें, ही कल्पनाच आम्हांस रुचली नव्हती. परंतु तीन वर्षें यंत्र बिनतक्रार चाललें, आणि आमचा विरोधहि हळूहळू मावळला.

एका रविवारीं नातवाच्या वाढदिवसानिमित्त घरीं पंचवीस पान झालें. सुनेच्या माहेरचीं माणसेंहि आलीं होतीं. रात्रीं यंत्र लावलें, तें अर्ध्या वाटेंत थांबलें. दार उघडून पाहतों तों तळाशीं चार बोटें मळकट पाणी, ताटांवर आमटीचा गाळ, आणि समोर एक तांबडी खूण लुकलुकत होती. दुरुस्तीच्या माणसास कळविलें. त्यानें दहा दिवसांनंतरची तारीख दिली. आणि त्या रात्रीं सर्वांदेखत आमच्या तोंडून असे शब्द निघून गेले: "यंत्र आणणें सोपें असतें, सूनबाई, तें वापरण्यास हाताला शिस्त लागते. भांडीं न पाहतां कोंबलीं कीं असें व्हावयाचेंच."

सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें बाह्या मागें सारल्या आणि ती भांडीं घासावयास बसली. तिच्या आईनें खालीं पाहिलें, तें आम्हांस दिसलें. परंतु शब्द परत घेण्याची बुद्धि त्या वेळीं झाली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून सून कचेरींत गेली म्हणजे दुपारचीं भांडीं सौभाग्यवतीच्या वांट्यास येत. "मला कांहीं होत नाहीं," असें ती म्हणे. पण चौथ्या दिवशीं देवापुढच्या वाती वळण्यास तिचीं बोटें मिटेनात. तेव्हां मात्र आम्हीं चष्मा पुसला, यंत्राबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढिली, आणि सून कामावरून येण्याची वाट पाहत बसलों.

शाळेंत मुलांचें गणित चुकलें म्हणजे आम्ही त्यांस सांगत असूं कीं, उत्तर खोडूं नका; पहिल्या ओळीपासून पुन्हां पाहा. यंत्राचेंहि तसेंच आहे. तें कसें चालतें हें ठाऊक असल्यावांचून तें कोठें अडलें हें कळणार नाहीं.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, हें यंत्र हौदाप्रमाणें पाण्यानें भरतें आणि त्यांत भांडीं बुचकळलीं जातात. तसें नाहीं. त्याच्या तळाशीं थोडेंसेंच, साधारणपणें तीनचार लिटर, पाणी येतें. तें तापतें, पंप तें वर ढकलतो, आणि भांड्यांच्या खालीं व वर जे छिद्रांचे फिरते हात असतात, त्यांतून तें जोरानें भांड्यांवर उडतें. त्या फवाऱ्यांच्या उलट धक्क्यानेंच ते हात फिरतात. त्यांना निराळें चाक नसतें. भांड्यांवर आपटलेलें पाणी गाळणींतून गळून पुन्हां तळाशीं येतें आणि पुन्हां वर जातें. असें पाणी कित्येक वेळां बदललें जाऊन एका खेपेस एकंदर सुमारें १० ते १५ लिटर लागतें. पाण्याची उष्णता आपण जो क्रम लावूं त्याप्रमाणें साधारणतः ४५ ते ७० अंश सेल्सिअस असते. साबणाची भुकटी किंवा वडी क्षारयुक्त असून तींत पिष्ट व प्रथिनें फोडणारे पाचक रस घातलेले असतात. शेवटीं दुसरा एक लहान पंप घाण पाणी नळीवाटे बाहेर टाकतो.

म्हणजे यंत्राचीं मुख्य कार्यें चार: पाणी येणें, पाणी तापणें, पाणी फिरणें आणि पाणी जाणें. कोणतेंहि दुखणें ह्या चारांपैकीं कोठें तरी असावयाचें. आमच्या वैद्यशास्त्रांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलेलीं आहेत: निदान म्हणजे हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील उपशय म्हणजे थोडा उपाय करून पाहावा आणि त्याच्या गुणावरून रोग ठरवावा. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक त्याच्या जोडीला घ्यावा: अमुक असतां दोष दिसतो काय, आणि अमुक नसतां दोष जातो काय? एवढी सामग्री घरगुती यंत्रास पुरेशी आहे.

आतां एकेक लक्षण घेऊं.

यंत्र मुळींच सुरू होत नाहीं. प्रथम भिंतीवरील खटका पाहावा, मग दार खट् असा आवाज येईपर्यंत लागलें आहे काय तें पाहावें. मुलांनीं हात लावूं नये म्हणून जें कुलूप असतें तें पडलें आहे काय, किंवा चार तासांनीं सुरू होण्याची आज्ञा चुकून दिली गेली आहे काय, हेंहि पाहावें. हें वाचून हसूं येईल. परंतु सोपें कारण प्रथम पाहावें, अवघड मागाहून.

पाणी येत नाहीं. मागची तोटी उघडी आहे काय, नळी भिंतीशीं चेपली आहे काय, आणि नळी जेथें जोडतात तेथील बारीक जाळींत रेती अडकली आहे काय, तें पाहावें. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: गच्चीवरील टांकी अगदीं जवळ असल्यानें त्यांच्याकडे पाण्याचा जोर कमी असतो, आणि टांकी अर्धी झाली म्हणजे तो आणखी घटतो. टांकी भरल्यावर यंत्र चाललें, तर दोष यंत्राचा नव्हे.

भांडीं खरकटीं राहतात. येथें अन्वय-व्यतिरेक फार उपयोगीं पडतो. केवळ वरच्या खणांतील भांडीं मळकीं राहिलीं तर वरचा फिरता हात अडला आहे असें समजावें; बहुधा एखाद्या पळीचा दांडा जाळींतून खालीं उतरून त्यास आड आलेला असतो. भांडीं भरल्यावर दोन्ही हात बोटानें एकदां फिरवून पाहण्याची संवय ठेवावी. एकाच कोपऱ्यांतील भांडीं मळकीं राहिलीं तर तेथें वाटींत वाटी बसली असेल. सर्वच भांडीं मळकीं राहिलीं तर गाळणी तुंबली आहे, हातांचीं छिद्रें मोहरी-जिऱ्यानें बुजलीं आहेत, अथवा पाणी तापत नाहीं. छिद्रें टांचणीनें किंवा दांतकोरणीनें मोकळीं करावीं.

भांड्यांवर पांढरें पटल येतें. ह्याचें कारण बहुधा पाणी. ज्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात, त्यास पाठ्यपुस्तकांतून दुष्फेन पाणी म्हणतात. शब्द मोठा अन्वर्थक आहे: ज्याचा फेस नीट होत नाहीं तें. धरणाचें पाणी पुष्कळदां सुफेन असतें. परंतु उन्हाळ्यांत तेंच कमी पडून बोअरचें किंवा टँकरचें पाणी आलें, कीं भांडीं धुरकट दिसूं लागतात. ज्या यंत्रांत मिठाची कोठी असते, तींत राळेच्या बारीक मण्यांवर पाण्यांतील चुना धरला जातो आणि मिठाच्या द्रावणानें ते मणी पुन्हां ताजे होतात. कोठींतील मीठ संपलें कीं ही क्रिया थांबते. ह्या कोठींत जेवणांतील बारीक मीठ घालूं नये. त्यांत आयोडीन आणि तें मोकळें राहावें म्हणून मिसळलेलीं द्रव्यें असतात. ह्या कामासाठीं मिळणारें शुद्ध जाडें मीठच घालावें. साबण तर त्या कोठींत चुकूनहि पडूं देऊं नये. पटल चुन्याचेंच आहे काय, हें ओळखण्याचा उपशय असा: धुरकट पेल्यावर व्हिनेगर चोळावें. कांच स्वच्छ झाली तर दोष चुन्याचा. न झाली तर कांचेचा पृष्ठभागच झिजला आहे असें समजावें. त्यास उपाय नाहीं, पुढें साबण व उष्णता कमी करावी एवढेंच.

भांडीं ओलीं राहतात. प्लॅस्टिकचे डबे ओले राहणें हा दोष नव्हे. पोलादी ताट व कांच ऊब धरून ठेवतात आणि तिनें सुकतात. प्लॅस्टिक लवकर निवतें. पोलादी भांडींहि ओलीं राहूं लागलीं तर पाणी निथळण्यासाठीं जो द्रव घालतात, ज्यास रिन्स एड म्हणतात, तो संपला आहे काय तें पाहावें.

दारांतून फेस येतो. घरांत कोणी तरी हातानें भांडीं घासण्याचा साबण यंत्रांत घातला, असें खुशाल समजावें. त्याचा फेस यंत्रास सोसत नाहीं. फेस नसून नुसतें पाणी झिरपत असेल, तर दाराच्या कडेचें रबर पुसून त्यांत अन्नाचे कण अडकले आहेत काय तें पाहावें.

पाणी बाहेर जात नाहीं. हेंच आमच्या यंत्राचें दुखणें होतें, म्हणून तें सविस्तर सांगतों.

सून आल्यावर आम्हीं दोघांनीं काम सुरू केलें. प्रथम सिंकखालीं जाऊन बाहेर जाणारी नळी पाहिली. ती कोठें मुडपली नव्हती. मग तिचें टोंक सोडवून बादलींत धरिलें आणि यंत्रास केवळ पाणी काढून टाकण्याची आज्ञा दिली. पंप गुरगुरला, परंतु चार थेंबांपलीकडे पाणी आलें नाहीं. ह्यावरून सिंकचा नळ तुंबलेला नाहीं, अडथळा त्याच्या अलीकडे आहे, एवढें ठरलें. त्यानंतर खटका बंद करून प्लग काढिला. ही गोष्ट आम्ही ठासून सांगतों: वीज तोडल्यावांचून यंत्रांत हात घालूं नये. सुनेनें वाटीनें पाणी उपसलें, उरलेलें फडक्यानें टिपलें आणि गाळणी फिरवून बाहेर काढिली. तींत कढीलिंबाचीं पानें व कोथिंबिरीच्या काड्या होत्या. पण पाणी अडावें इतका गाळ नव्हता. म्हणजे हेतु त्याच्याहि पुढें होता.

गाळणीच्या खालीं, एका बाजूस, पंपाचें लहानसें झांकण असतें. पुस्तिकेंत त्याचें चित्र होतें. तें चमच्याच्या दांड्यानें उचललें. आंत बोटभर पंख्याचें चाक दिसलें. तें थोडें अडखळत कां होईना, पण फिरावयास हवें होतें. तें जागचें हालेना. अशा जागीं कांचेचा तुकडा असण्याचा संभव असतो, म्हणून उघडें बोट घालूं नये. सुनेनें हातमोजा चढविला. तिनें चिमट्यानें कांहीं तरी ओढून काढिलें आणि आमच्या तळहातावर ठेविलें.

तें सुपारीचें खांड होतें.

आमच्या घरीं सुपारी आमच्यावांचून कोणी खात नाहीं. त्या रविवारीं जेवणें झाल्यावर सुपारीची वाटी आम्हींच उचलली होती आणि कामाला हातभार लावावा म्हणून, आंत न पाहतां, यंत्रांत ठेविली होती. भांडीं न पाहतां कोंबणारा कोण, तें आतां उघड झालें. सून मात्र खालीं पाहून झांकण पुन्हां बसवीत होती. तिनें गाळणी धुऊन जागीं लाविली, प्लग जोडिला, यंत्र सुरू केलें. आणि पाणी खळखळ करीत बादलींत आलें.

दोष जितक्यांदेखत द्यावा तितक्यांदेखत तो परत घ्यावा, हा नियम आम्हीं वर्गांत पाळीत आलों. घरीं तो पाळणें अधिक जड गेलें. रात्रीं पानावर सर्व मंडळी बसलीं असतां आम्हीं तें खांड वाटींत घालून मध्यें ठेविलें आणि घडलें तें सांगितलें. नंतर सुनेच्या वडिलांस दूरध्वनि करून त्यांनाहि सांगितलें. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आपण कळविलेंत, बरें वाटलें. तिची आई त्या दिवसापासून गप्प होती." सूनबाई एवढेंच म्हणाली, "बाबा, सुपारी जरा कमी करा म्हणजे झालें." सौभाग्यवतीचें मनगट निवण्यास मात्र आणखी आठ दिवस लागले. ते दिवस वाती आम्हीं वळल्या, आणि त्या फार वांकड्या झाल्या.

ह्या यंत्राच्या मुळाशींहि घरांतील भांड्यांचीच काळजी आहे. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील शेल्बीव्हिल गांवीं जोसेफाइन कॉक्रेन नांवाच्या बाई होत्या. हातानें धुतांना आपल्या चिनी मातीच्या बशांचे टवके उडतात, हें त्यांस सहन होईना. त्यांनीं बशांचीं मापें घेऊन तारांचे कप्पे केले आणि त्यांवर साबणाचें ऊन पाणी जोरानें सोडण्याची युक्ति काढिली. १८८३ सालीं त्यांचे पति वारले आणि मागें कर्ज राहिलें. तेव्हां छंदाचा धंदा करणें भाग पडलें. २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्यांस पेटंट मिळालें, आणि १८९३ सालच्या शिकागोच्या प्रदर्शनांत त्यांचें यंत्र मांडलें गेलें. १८८६ हें साल आम्हांस निराळ्या कारणानेंहि ठाऊक आहे: त्याच वर्षीं मार्च महिन्यांत आमच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या.

शेवटीं नित्याच्या काळजीविषयीं चार शब्द. ताटांतील उष्टें, बिया, हाडकुळीं देठें झाडून मगच ताट आंत ठेवावें. परंतु तें आधीं लख्ख धुण्याचें कारण नाहीं, तेवढें काम साबणांतील पाचक रस करतात. गाळणी आठवड्यांतून एकदां नळाखालीं धुवावी. पोलादी भांडीं खुशाल घालावीं. तांब्यापितळेचीं व कल्हईचीं भांडीं, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणें आणि ॲल्युमिनियमचीं पातेलीं घालूं नयेत: पितळेची झळाळी जाते, तव्याचा तेलकट थर उतरतो, लांकूड तडकतें आणि ॲल्युमिनियम काळें पडतें. देवाचीं उपकरणीं आमच्याकडे हातानेंच घासलीं जातात.

आणि आपली मर्यादाहि ओळखावी. गाळणी, नळी, छिद्रें व पंपाचें झांकण एवढें घरच्या माणसाचें क्षेत्र. पाणी तापविणारा भाग, विजेच्या तारा आणि यंत्राचा तळ हें जाणत्या कारागिराचें. पुष्कळ यंत्रांच्या तळाशीं एक तरंगता गोळा असतो. तेथें गळतीचें पाणी सांचलें कीं तो वर येऊन यंत्र थांबवितो. तसें झालें, किंवा जळका वास आला, तर तोटी आणि वीज बंद करून कारागिराची वाट पाहावी, मग दहा दिवस लागोत. त्या दहा दिवसांत घरांतील पुरुषांनींहि भांड्यांना हात लावावा. आम्हीं लावला नाहीं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मनगटानें दिली.

पुढील महिन्यांत पावसाळ्यापूर्वीं धान्याच्या कोठ्यांची जी तयारी करावयाची, तिजविषयीं लिहूं.